लागणीआधी माती तपासली. स्फुरद भरपूर आलाय, तरी पानं पांढरी. खत काय घालू?

माळावरची (फलटण)

नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात आमचं अडीच एकर रान आहे. नीरा उजव्या कालव्याचं पाणी येतं, शिवाय स्वतःची विहीर आहे. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं पीक) मोडला, आता जानेवारीत 'सुरू' हंगामाच्या उसाची लागण करायची आहे. मालक पुण्याला नोकरीला, त्यामुळे शेताचं सगळं मी आणि सासरे मिळून बघतो.

मागच्या दोन्ही पिकांत वरच्या अंगाच्या उसावर केवडा पडला होता. कोवळी पानं पांढरट-पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. युरिया टाकला की आठवडाभर बरं दिसायचं, पुन्हा तेच. म्हणून या वेळी खत घेण्याआधी माती तपासून घेतली. दुकानदाराने त्याच्याकडचा मुलगा पाठवून नमुना नेला आणि लॅबचा कागद आणून दिला. आकडे असे आहेत: सामू (पीएच) 8.4, क्षारता 0.42, सेंद्रिय कर्ब 0.72, मुक्त चुनखडी 12 टक्के, नत्र 240, स्फुरद (फॉस्फरस) 38, पालाश (पोटॅशियम) 412 (तिन्ही किलो प्रति हेक्टर), लोह 2.9, जस्त 0.55, मंगल (मँगनीज) 4.1, तांबे 1.9 पीपीएम.

दुकानदार म्हणतो एकरी दोन पोती डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत), एक पोतं पोटॅश, सूक्ष्म अन्नद्रव्यांची बॅग आणि वर गंधक. दीर म्हणतात जिप्सम टाका, सामू उतरेल. सासऱ्यांचं म्हणणं, स्फुरद एवढा दिसतोय तर डीएपी कशाला. डीएपीचं पोतं 1350 रुपयांना पडतं, अडीच एकराला पाच पोती म्हणजे थोडेथोडके पैसे नाहीत. कुणाचं धरू?

घरामागे छोटी परसबागही आहे. कढीपत्ता, लिंबू, चार गुलाब. त्यांचीही पानं पिवळी पडतायत. त्याचंही सांगितलंत तर बरं होईल.

कृष्णाकाठ (वाळवा)

ताई, स्फुरद 38 म्हणजे अत्यंत जास्त. सासऱ्यांचं बरोबर आहे, या वर्षी डीएपीला सुट्टी द्या. आमच्याकडे वर्षानुवर्षं डीएपी आणि 10:26:26 मिश्र खत ओतून रानं स्फुरदाने भरून गेलीत, आणि त्यापायी जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं झालंय. पाचट (उसाचा वाळका पाला) जाळत असाल तर ते आधी थांबवा. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते सरीत कुजलं तर त्याच्याइतकं स्वस्त खत नाही.

केवड्याला हिराकसाची (फेरस सल्फेट) फवारणी करा. फरक दिसतो.

जुनी_प्रयोगशाळा (राहुरी)

ताई, कागद पाहिला. मी माती परीक्षणाच्या लॅबमध्येच निवृत्त झालो, म्हणून सवयीने आधी आकड्यांचा आपसांत मेळ बसतो का ते पाहतो. इथे एक गोष्ट खटकते. चुनखडी 12 टक्के, माळाचं रान, ऊसामागून ऊस, आणि सेंद्रिय कर्ब 0.72? तुमच्या पट्ट्यात असल्या रानाचा कर्ब सहसा 0.3 ते 0.5 च्या आत घुटमळतो. त्याच्या जोडीला स्फुरद 38. कर्ब आणि स्फुरद असे हातात हात घालून वर गेले की मला पहिला संशय उकिरड्याचा येतो. नमुना नेमका कुठून घेतला होता? शेणखताचा ढीग असायचा ती जागा, जनावरं बांधायची जागा, विहिरीची कड, यापैकी काही आहे का? हे कळेपर्यंत स्फुरदाच्या आकड्यावर मी तरी काही बोलणार नाही. कृष्णाकाठदादा, जस्त-लोहाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, पण डीएपी बंद करा असं या कागदावरून सांगू नका.

दुसरं, लॅबला फोन करून विचारा की स्फुरद 'पी' (नुसता फॉस्फरस) म्हणून छापलाय की 'पी-टू-ओ-फाइव्ह' (त्याचा ऑक्साइड) म्हणून. दोन्ही पद्धती चालतात आणि कागदावर नुसतं 'स्फुरद' लिहिलेलं असतं. 38 हा आकडा पी-टू-ओ-फाइव्हचा असेल तर 2.29 ने भागायचा, म्हणजे पी साडेसोळा. आपल्याकडच्या सहा वर्गांच्या तक्त्यात 14 ते 21 मध्यम आणि 35 च्या वर अत्यंत जास्त. एकाच आकड्याचा अर्थ एकदा 'शिफारशीइतकं घाला' असा निघतो, एकदा 'निम्मं घाला' असा. शेतकऱ्याने हे विचारलंच पाहिजे, आणि लॅबनेही न विचारता छापलं पाहिजे. माझा हा जुना आग्रह आहे.

आता जे आकडे उकिरड्याने फारसे हलत नाहीत त्यांच्याकडे येऊ. सामू 8.4 आणि चुनखडी 12 टक्के. कागद हातात आला की बहुतेक जण आधी नत्र-स्फुरद-पालाश बघतात. मी लॅबमध्ये आलेल्या प्रत्येकाला सांगायचो, आधी सामू, क्षारता आणि चुनखडी वाचा, मग खाली उतरा. तुमच्या केवड्याचं कारण याच ओळीत आहे. जमिनीत लोह नाही असं नाही, भरपूर आहे. पण चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही, मुळांना उचलता येत नाही. लोहाची 4.5 पीपीएम ही पातळी धरतात, तुमचं 2.9. जस्ताची 0.6, तुमचं 0.55. मंगलाची 2 आणि तांब्याची 0.2, ते दोन्ही तुमच्याकडे भरपूर. मग सगळं मिसळलेली बॅग कशाला घ्यायची? हवंय ते लोह आणि जस्त, तेवढंच घ्या.

युरियाने आठवडाभर बरं दिसायचं, त्यावर जाऊ नका. नत्र कमी पडलं की आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पांढरी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. तुम्ही वर्णन केलंय ते लोहाचं.

गंधकाचं आणि जिप्समचं सांगतो, कारण यात पैसे फार वाया जातात. एकराच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचं वजन साधारण 9 लाख किलो धरतात. त्यात 12 टक्के चुनखडी म्हणजे 1 लाख 8 हजार किलो, 108 टन. 100 किलो चुनखडी विरघळवायला 32 किलो गंधक लागतं. म्हणजे एकराला जवळजवळ 35 टन गंधक! दुकानदार दहा-वीस किलोची बॅग देणार. त्याने रानाचा सामू तसूभरही हलणार नाही. शेणखतात मिसळून सरीत, मुळांच्या ओळीत दिलं तर तेवढ्या पट्ट्यात फायदा होतो आणि गंधक हे पिकाचं अन्नही आहे, तेवढ्यापुरतं द्या. जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध. सोडियम चढला असेल तर त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतं. तुमच्या रानात कॅल्शियमचे ढीग पडलेत, त्यात आणखी घालून काय साधणार? चोपणची शंका असेल तर विनिमययोग्य सोडियम तपासून घ्या. तो 15 टक्क्यांच्या वर आणि सामू 8.5 च्या वर असेल तरच जिप्समचं बोलू.

माळावरची

काका, तुमचा संशय खरा निघाला. सासऱ्यांना विचारलं. फाटकाजवळ दोन वर्षं शेणखताचा ढीग होता, तो मागच्या उन्हाळ्यात विस्कटला. मुलाने गाडी फाटकाशी लावली आणि तिथलीच माती खुरप्याने वरवर खरवडून खताच्या रिकाम्या पिशवीत भरून नेली. लॅबला फोन केला, त्यांनी 'पी' म्हणून सांगितलं.

मग आता पुन्हा नमुना घ्यायचा तर कसा घेऊ? ऊस काढून रान रिकामं आहे, नांगरट व्हायचीय. आणि आमच्याकडे ग्रामपंचायतीत मिळालेली मृदा आरोग्य पत्रिकाही आहे, तीन वर्षांपूर्वीची. तिच्यावर भागेल का?

जुनी_प्रयोगशाळा (राहुरी)

पत्रिका जपून ठेवा, पण खत तिच्यावरून ठरवू नका. फेब्रुवारी 2015 मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा बागायत भागात दर अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना असा हिशोब होता. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. त्या चौकटीत तुमच्यासारखी दोन-तीन रानं बसतात, नमुना शेजाऱ्याच्या बांधाआडचाही असू शकतो. शिवाय पत्रिकेत बारा गोष्टी असतात, त्यात मुक्त चुनखडी नाही. सगळीकडे ती लागत नाही, पण फलटण, माण, सांगोला या पट्ट्यात चुनखडीचा आकडा नसलेला रिपोर्ट अर्धाच म्हणायचा. लॅबला नमुना देताना 'मुक्त चुनखडी आणि सूक्ष्म अन्नद्रव्यंही हवीत' असं फॉर्मवर लिहून द्या.

नमुन्याचं सविस्तर लिहितो. सगळी मेख इथे आहे.

आधी रान चालून या. तुम्ही 'वरच्या अंगाला' केवडा म्हणालात, म्हणजे खालचं अंग वेगळं आहे. मातीचा रंग बदलतो, उतार बदलतो, पीक वेगळं दिसतं, तिथे मनाने रेघ मारा आणि प्रत्येक भागाचा वेगळा नमुना करा. दोन जातींची माती एकत्र कालवली तर येणारा आकडा दोन्हींपैकी कुठल्याच मातीचा नसतो.

मग एका भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. बांध, झाडाखालची सावली, विहिरीची कड, पाटाचं तोंड, जुना उकिरडा, आणि मागच्या पिकाला खत दिलं ती सरीतली रेघ, एवढं वगळा. निवडलेल्या जागेवरचा पालापाचोळा हाताने बाजूला करा, माती खरवडू नका. कुदळीने इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, वीतभर, 20 ते 22 सेंटिमीटर. त्यातली माती बाहेर फेका. आता खड्ड्याच्या एका तिरक्या बाजूची, वरपासून तळापर्यंत, बोटभर जाडीची एकसारखी कापली काढा. वर जाड आणि खाली पातळ अशी निघाली तर ती टाकून दुसरी काढा, कारण वरच्या चार बोटांत खत आणि कर्ब जास्त असतो, तेवढ्यानेही आकडा फुगतो. लोह तपासायचंय, म्हणून गंजलेलं खुरपं नको. कापली लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने काढलेली बरी.

सगळ्या खड्ड्यांची माती स्वच्छ कापडावर एकत्र करा. खताची पिशवी, मग ती धुतलेली का असेना, वापरू नका. ढेकळं फोडा, खडे-मुळ्या वेचा, माती नीट कालवा आणि भाकरीसारखी पसरून चार भाग करा. समोरासमोरचे दोन टाका, उरलेले दोन पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नको. कापडी पिशवीत भरा, आत एक चिठ्ठी आणि बाहेर एक: नाव, गट क्रमांक, भाग वरचा की खालचा, आधीचं पीक, पुढचं पीक, पाणी कशाचं. ही चिठ्ठी नसेल तर शिफारस लिहिणारा अंधारात असतो.

नांगरटीआधी घेतला तर उत्तम. खत देऊन तीन महिने तरी झालेले असावेत, तुमचं ते झालंच असेल.

नमुना दुसऱ्याच्या हाती देऊ नका ताई. तुम्ही आणि सासऱ्यांनी मिळून घ्या. लॅबमध्ये आम्ही अर्ध्या किलोतून दहा ग्रॅम, कधी एक ग्रॅम माती तपासायला घेतो. तेवढ्या चिमटीवरून अडीच एकराचं खत ठरतं.

गच्चीवरची_बाग (पुणे)

परसबागेबद्दल लिहिते, कारण आमच्याकडेही हेच झालं. घर बांधताना पायाची माती आणि प्लास्टरचा चुरा मागच्या अंगणात टाकलेला असतो, त्यावर चार पाट्या लाल माती ओतून झाडं लावतात. सिमेंट-चुन्याने खालचा थर चुनखडीचाच होतो. एक साधी परीक्षा करा. वीतभर खोलीवरची माती काढून वाळवा, चमचाभर बशीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन फसफसली तर चुना आहेच.

कुंड्या असतील तर मात्र शेताच्या लॅबमधला किलो प्रति हेक्टरचा रिपोर्ट काही कामाचा नाही. कुंडीत सामू आणि क्षारता पुरेत. आमचं बोअरचं पाणी जड आहे, कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते. ती दिसली की मी खत बंद करते आणि भोकातून भरपूर निथळेल इतकं पावसाचं किंवा नळाचं पाणी देते. पिवळं पान दिसलं की लोक आधी खत घालतात, आणि क्षार चढलेल्या कुंडीत तेच खत झाड मारतं.

जुनी_प्रयोगशाळा (राहुरी)

बाईंचं अगदी बरोबर. लॅबमध्ये आम्ही सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून हेच बघतो. व्हिनेगरला फेस कमी येतो, पण कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते.

कढीपत्ता आणि लिंबाला लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्व, संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारा, दर दहा-बारा दिवसांनी. हिराकस फिकट हिरव्या खड्यांचं असतं. तपकिरी-तांबूस पडलेलं असेल तर ते हवेने बिघडलंय, दुकानदाराला परत द्या.

तांबडी_माती (संगमेश्वर)

इथली चर्चा वाचून एक सांगावंसं वाटतं. कृपा करून हे सगळं कोकणात कुणी जसंच्या तसं उचलू नका. आमची जांभ्याची जमीन आम्लधर्मी, सामू पाच-साडेपाचच्या आसपास. इथे लोह आणि ॲल्युमिनियमच स्फुरदाला धरून बसतं, आणि आम्हाला उलट चुना घालावा लागतो, तोही तपासून. देशावरच्या कुणाचा तरी सल्ला ऐकून माझ्या मावसभावाने आंब्याच्या आळ्यात गंधक घातलं. कशासाठी, त्याला सांगता येईना. स्फुरद तपासायची पद्धतही वेगळी. चुनखडीच्या मातीला ऑल्सेन, आमच्या आम्ल मातीला ब्रे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या लॅबला माती पाठवलीत तर आधी विचारा, कुठली पद्धत वापरणार.

आंबा-काजूला वीतभर खड्ड्याने भागत नाही. एक, दोन आणि तीन फुटांवरचे वेगळे नमुने घ्यावे लागतात.

माळावरची

नवे रिपोर्ट आले. काकांनी सांगितलं तसंच केलं, मी आणि सासरे. रान चालताना लक्षात आलं की वरचं दीड एकर पांढरट मुरमाड आणि खालचं एक एकर काळं, तिथे कालव्याचं पाझरपाणी येतं. इतकी वर्षं एकच गट म्हणून सगळीकडे सारखं खत टाकत आलोय.

वरचा भाग: सामू 8.5, क्षारता 0.31, चुनखडी 14.5, कर्ब 0.33, नत्र 155, स्फुरद 12, पालाश 286, लोह 2.1, जस्त 0.41.

खालचा भाग: सामू 8.2, क्षारता 1.4, चुनखडी 7, कर्ब 0.52, नत्र 190, स्फुरद 19, पालाश 455, लोह 4.9, जस्त 0.7.

सासरे दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत होते. त्यांचा प्रश्न असा, वरच्या रानात स्फुरद 38 वरून 12 वर आला, मग आता डीएपी वाढवायचं का?

जुनी_प्रयोगशाळा (राहुरी)

हो, वाढवायचं. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

सुरू उसाची विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 250 नत्र, 115 स्फुरद, 115 पालाश. एकरी धरलं तर 100, 46, 46. मातीत एखादं अन्नद्रव्य कमी असेल तर त्याची मात्रा पाव पटीने वाढवायची, मध्यम असेल तर तशीच ठेवायची, जास्त असेल तर पाव कमी, अत्यंत जास्त असेल तर निम्मी.

वरचं रान. स्फुरद 12 म्हणजे कमी. 46 चे साडेसत्तावन्न किलो. अडीच पोती डीएपी, एकरी. नत्रही कमी, म्हणून 125 किलो. त्यातलं साडेबावीस डीएपीतून आलं, बाकीचं युरियाची पाच पोती. पालाश मध्यमच्या वर, म्हणून पाव कमी करून साडेचौतीस किलो, पोटॅशचं एक पोतं आणि वर सात-आठ किलो. डीएपी रानभर फेकू नका. चुनखडी त्याला लगेच धरते. अर्धं लागणीला सरीत बेण्याच्या खाली, शेणखताबरोबर, आणि अर्धं मोठ्या बांधणीला (उसाच्या बुडाला माती चढवताना). पालाशही असंच दोनदा. नत्र चार हप्त्यांत: लागणीला दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा दहा, बांधणीला उरलेलं चाळीस.

लोह आणि जस्त इथे खरंच हवंय. एकरी 10 किलो हिराकस आणि 8 किलो झिंक सल्फेट, दहापट कुजलेल्या शेणखतात कालवून, पाणी शिंपडून, झाकून पाच-सहा दिवस मुरवा आणि मग सरीत द्या. शेणखतात मुरलेलं लोह चुनखडीच्या तावडीत लवकर सापडत नाही, नुसतं टाकलं तर काही दिवसांत गेलंच म्हणून समजा. झिंक सल्फेट डीएपीत मिसळू नका, दोघं एकमेकांना बांधून टाकतात. तरीही केवडा दिसला तर अर्धा टक्का हिराकसाची फवारणी आहेच.

खालच्या रानाबद्दल मात्र मला खताआधी दुसरीच काळजी आहे. स्फुरद मध्यम, दोन पोती डीएपी. पालाश अत्यंत जास्त, निम्मं पुरे. लोह-जस्त काही नको. पण क्षारता 1.4. आमच्या पद्धतीत, एका भागाला अडीच भाग पाणी धरून, 1 च्या खाली निर्धोक. 1 च्या वर गेलं की उगवणीला त्रास सुरू होतो. सामू 8.2 आहे, म्हणजे ही जमीन अजून चोपण झालेली नाही, खारवट होतेय. यावर जिप्सम नाही, निचरा हाच उपाय. क्षार पाण्याबरोबर खाली गेले पाहिजेत, आणि पाझर तर ते वर आणतोय. कृष्णाकाठदादा, यातला अनुभव तुमच्याकडे जास्त आहे, तुम्ही लिहा.

कृष्णाकाठ (वाळवा)

काका, लिहितो. नवे आकडे बघितल्यावर डीएपीबद्दलचा माझा सल्ला बाजूला ठेवा ताई, आकडा उकिरड्याचा होता म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

खालच्या एकराचं मनावर घ्या. आमच्या कृष्णाकाठी चांगली काळी रानं याच वाटेने पांढरी पडली. सुरुवातीला एका कोपऱ्यात उसाची उगवण विरळ होते, हिवाळ्यात सकाळी सरीच्या बोडख्यावर पांढरं फुललेलं दिसतं, आणि माणूस म्हणतो खत कमी पडलं असेल. मग खत वाढवतो. खत म्हणजेही क्षारच की! आमच्या थोरल्या चुलत्यांनी असंच करत दोन एकर घालवलं, आता तिथे वेडी बाभूळ आहे.

कालव्याच्या बाजूने, पाझर जिथून शिरतो तिथे आडवा चर काढा, कमरेइतका खोल, आणि तो ओढ्याला जोडा. ओढ्याला उतार मिळत नसेल तर शेजाऱ्यांना बरोबर घ्या, एकट्याच्या चराने भागत नाही. आमच्याकडे लोकांनी गट करून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकलेत, खर्च मोठा आहे पण रानं परत पिकायला लागलीत. या जानेवारीत त्या एकरात लागण करू नका असं माझं मत. पावसाळ्यात धैंचा पेरा, तो खाऱ्या रानात तगतो, फुलोऱ्यात आला की गाडा. पावसाच्या पाण्याने क्षार धुपून जातील आणि चर ते बाहेर काढेल. मग पुन्हा माती तपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी ऊस धरा. पाटपाणी मोकळं सोडायची सवय असेल तर ठिबकचंही बघा.

माळावरची

दोघांचेही खूप आभार. वरच्या दीड एकराची लागण करतोय, खालचं थांबवतोय. सासरे आधी नाही म्हणत होते, एक एकर ऊस बुडाला तर वर्षाचं गणित बिघडतं. पण सरीवर पांढरं फुलतं हे त्यांनीही पाहिलं होतं, ते वाचल्यावर गप्प झाले. चराचं शेजारच्या काकांशी बोलायला आज गेलेत.

एक राहिलं. विहिरीचं पाणीही तपासायला हवं का?

जुनी_प्रयोगशाळा (राहुरी)

हवंच. मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग स्वच्छ प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा. क्षारता, कार्बोनेट-बायकार्बोनेट, सोडियम आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट एवढं मागा. शेवटचा आकडा सव्वाच्या आत असेल तर पाणी चांगलं, अडीचच्या वर असेल तर त्या पाण्याने रान हळूहळू चोपण होईल. बायकार्बोनेट जास्त निघालं तर वरच्या रानातला केवडाही त्यानेच वाढत असणार. मग तिथे शक्य तितकं कालव्याचं पाणी द्या आणि विहिरीचं त्यात मिसळून वापरा. रिपोर्ट आला की इथेच टाका, मी बघतो.